मंदा मॅडमचं इंग्लंड आणि परत गेलेल्या शीतपेट्या

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आयुष्यभर होडीचं सुकाणू हातात धरलेले आपल्या गावचे जुने तांडेल आदरणीय धर्माजीबाबा. त्यांचे चिरंजीव, आपल्या गावचे सरपंच आणि आजचे प्रमुख पाहुणे धर्मेशभाऊ. मुख्याध्यापक ललित सर. ज्यांच्यासाठी आज हा हॉल भरलाय त्या आपल्या सत्कारमूर्ती मंदा मॅडम. शाळेचे सर्व शिक्षक. खुर्च्यांवर बसलेले गावकरी, आणि भिंतीकडेला सतरंजीवर बसलेल्या माझ्या सगळ्या मावश्या, काक्या, आत्या, ज्या आज बाजार बुडवून इथं आल्यात, त्या सर्वांना दर्पण तामोरेचा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या हिमानी मॅडमनी मला पाच मिनिटं दिली आहेत. खरं तर माजी विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायला दुसऱ्याच एका हुशार विद्यार्थ्याचं नाव ठरलं होतं. तो ठाण्याला अधिकारी आहे, त्याला रजा मिळाली नाही. मी मोकळाच असतो, म्हणून माझ्यावर आलं. अकरावी मी अर्ध्यात सोडली. मग वेरावळच्या ट्रॉलरवर गेलो, तिथून गोव्याला एका हॉटेलात भांडी, मग बोईसरला कारखान्याच्या कँटीनमध्ये, आणि आता टेम्पो चालवतो. तोही महिनाभर चालवतो आणि महिनाभर उभा असतो. अशा माणसाने एका शिक्षिकेच्या निरोपाला काय बोलावं? पण मॅडमनी शिकवलेलं जे माझ्या डोक्यात राहिलं, ते बहुतेक त्या हुशार विद्यार्थ्याच्या डोक्यातून गेलं असेल, कारण ते परीक्षेला नव्हतं.

मॅडम आपल्या पालघरजवळच्या माहीमच्या. घरची वाडी, पानवेली, केळी. इतकी वर्षं रोज आपल्या मासळीच्या वासात आल्या आणि एकदाही नाकाला पदर लावला नाही. हे मी कौतुक म्हणून सांगतोय, पण माझी मावशी म्हणते की यात कौतुक कसलं, बोंबील खाणाऱ्या बाईला बोंबलाचा वास कसा येईल. बरोबर आहे. जिवली मावशी समोरच बसली आहे. तिचं नाव आज दोनचारदा येणार आहे, मावशी, रागावू नकोस.

आम्ही नववीत असताना मॅडमनी एक दिवस नागरिकशास्त्राचं पुस्तक मिटलं. धडा होता निवडणुकीचा. त्या म्हणाल्या, पुस्तकात लिहिलंय तसं हे आभाळातून पडलेलं नाही. मग त्यांनी आम्हाला इंग्लंडला नेलं. राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडला. जिचं राज्य आपल्यावर होतं ती राणी, आणि जिथून आपल्याला कायदे यायचे तो देश. तिथं पार्लमेंटच्या निवडणुकीत १८७२ सालापर्यंत गुप्त मतदानच नव्हतं. मत कसं द्यायचं? चारचौघांत उभं राहायचं आणि तोंडाने सांगायचं, माझं मत अमक्याला. कारकून लिहून घेणार. नंतर कुणी कुणाला मत दिलं त्याची पुस्तकं छापून विकायचे. म्हणजे ज्याच्या जमिनीवर तुझं घर, तो जमीनदार समोर उभा, आणि तू मोठ्याने बोलणार.

आमच्या वर्गात हे कुणाला खरं वाटेना. मग मॅडमनी निवडणूकच घेतली. एका बाजूला निमेश, म्हणजे जिवली मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ. त्याच्याकडे वर्गातली एकुलती एक खरी सीझनची बॅट होती. दुसऱ्या बाजूला केदार, त्याच्याकडे काहीच नव्हतं. मुलींना मत नाही, कारण तेव्हा तिथल्या पार्लमेंटसाठी बायकांना मत नव्हतं. तिसऱ्या दिवशी उन्नती उठून म्हणाली, मत नाय तर नाय, गोळी तरी द्या. गोळीचं पुढे सांगतो. तर आम्ही एकेक मुलगा बाकावर चढलो आणि मोठ्याने नाव सांगितलं. निमेश, निमेश, निमेश. तो समोर बॅट मांडीवर घेऊन बसला होता. केदारने स्वतःचं मतसुद्धा निमेशला दिलं.

मग मॅडम म्हणाल्या, आता चिठ्ठ्या. हात आडवा धरून लिहा, घडी करा, डब्यात टाका. चिठ्ठ्या उघडल्या तर निमेशला दोन मतं. एक त्याचं आणि एक माझं. माझं का, तर मला रोज त्याच्या घरी जेवायला जायचं होतं. निमेश दोन दिवस बॅट घरी ठेवून आला.

इथपर्यंत आम्हाला मजा वाटली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी पेपरमिंटच्या गोळ्या आणल्या आणि निमेशला सांगितलं, वाट. त्याने वाटल्या. परत चिठ्ठ्या, परत झाकून. आणि निमेश निवडून आला. मॅडमनी विचारलं, चिठ्ठी तर झाकलेली होती, मग घाबरलात कुणाला?  केदार म्हणाला, घाबरलो नाय मॅडम, गोळी खाल्ली ना.

मॅडमनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं. 'गोळी खाल्ली ना.' आणि म्हणाल्या, इंग्लंडचंही हेच झालं.

गुप्त मतदान आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता लाच देणारा पैसे फुकट कशाला घालवेल? त्याला कळणार कसं कुणी दिलं आणि कुणी नाही? पहिलं गुप्त मतदान झालं त्या गावाचं नाव पाँटिफ्रॅक्ट. मला नाव पाठ आहे, कारण मतपेटीला लाख लावून सील करताना तिथं ज्येष्ठमधाच्या वड्यांवर उठवायचा शिक्का वापरला होता. ज्येष्ठमध, खोकल्यावर चघळतो ते. आता विचार करा, ज्या देशाने अर्ध्या जगावर सही-शिक्के मारले, त्यांना मतपेटीला शिक्का मिळाला तो खोकल्याच्या वडीचा. असो. मी भरकटतोय. हिमानी मॅडम घड्याळ बघतायत.

तर पेटी आली, पण लाच गेली नाही. १८८० च्या निवडणुकीत इतकी झाली की पुढे १८८३ साली उमेदवाराने किती खर्च करायचा यालाच कायद्याने कुलूप लावावं लागलं. आणि लाचेच्या तऱ्हा किती! गावातली दारूची दुकानं उमेदवाराच्या नावावर उघडी, या आणि प्या. मतदाराला कामावर ठेवायचं, काम काय, तर झेंडा धरून उभं राहणं. स्वतः उमेदवार हात काळे करायचा नाही. परगावचा कुणी अनोळखी माणूस यायचा, वाटायचा आणि निघून जायचा. उमेदवार म्हणायला मोकळा, मी याला ओळखतच नाही. पेटी यायच्या आधीची गोष्ट, सेंट आल्बन्स नावाचं एक शहर होतं, तिथं इतकी लाच चालली की पार्लमेंटने त्या शहराचा प्रतिनिधीच काढून घेतला. देणारे, घेणारे, न घेणारे, सगळ्यांचाच.

बोईसरला माझ्या खोलीत बिहारचा एक जण होता. त्याला मी हे सगळं सांगितलं, कांदे चिरता चिरता. तो म्हणाला, दर्पणभाई, हमारा वोट तो गाँव में है, यहाँ हम गिनती में ही नहीं, हमको तो कोई पेपरमिंट भी नहीं देगा. मला तेव्हा कळलं, ज्याचं मत विकत घ्यायला कुणी येतच नाही तोही एक प्रकारे उपाशीच असतो. पण ते जाऊ दे.

आता मी मुद्द्यावर येतो, आणि त्याआधी एक सांगतो. काल मी सरपंचांच्या घरी गेलो होतो. मी म्हटलं, भाऊ, मी उद्या मागच्या निवडणुकीचं बोलणार आहे, तुम्ही व्यासपीठावर असाल. ते म्हणाले, बोल, सगळ्यांना माहीतच आहे. मोठेपणा आहे त्यांचा. मॅडमनी सांगितलं होतं की इंग्लंडमध्ये लाचेची चौकशी करायला आयोग बसायचे, आणि सगळं खरं सांगणाऱ्याला शिक्षा माफ व्हायची. कुणी खरं बोललं की बाकीच्यांना धीर यायचा. तर हा आपल्या घरचाच आयोग समजा. माफी सगळ्यांना आहे, घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही.

मागच्या वर्षी सरपंचपदाला दोन जण उभे होते. एक धर्मेशभाऊ, एक हिराताई. निवडणुकीच्या थोडं आधी परगावची एक गाडी आली, ज्यांना आपण कधी पाहिलं नव्हतं असे दोन जण उतरले आणि बोंबील विकणाऱ्या प्रत्येक बाईच्या दारात एकेक शीतपेटी ठेवून गेले. निळी, जाड, झाकणाला रबर असलेली. बर्फ दिवसभर टिकतो. पालघरच्या बाजारात उन्हात बसणाऱ्या बाईला ती पेटी म्हणजे काय, हे खुर्चीवर बसणाऱ्याला सांगून कळायचं नाही. संध्याकाळी धर्मेशभाऊ किनाऱ्यावर आले. गोड बोलले. आणि प्रत्येकीला म्हणाले, काकी, होडीला हात लावून सांगा, मत माझं.

आपल्याकडे होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला हात लावून सांगितलेला शब्द मोडत नाहीत. बाहेरच्या माणसाला ही गंमत वाटेल. कोर्टात गीतेवर हात ठेवून लोक काय काय बोलतात. पण ज्या होडीतून स्वतःचा मुलगा दर्यावर जातो, तिच्या नाळेला हात लावून कोण खोटं बोलेल? जिवली मावशीने निमेशच्या होडीला हात लावला.

चार दिवसांनी कळलं की बोंबील वाळवायची आपली किनाऱ्यावरची जागा, जिथं बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगतात ती सगळी जागा, ट्रेलर उभे करायला देण्याचं घाटतंय. बोईसरकडून येणारे मोठे ट्रेलर. जागा पंचायतीची. हिराताई म्हणत होत्या, मी असेपर्यंत देणार नाही. धर्मेशभाऊ म्हणत होते, गावाला उत्पन्न येईल. दोघांचंही म्हणणं त्यांच्या जागी. पण जिवली मावशीच्या जागी काय? वलांडी गेली तर तिचा धंदा गेला. शीतपेटीत ठेवायला मग राहील काय, नुसता बर्फ?

आणि मत तर तिने देऊन टाकलं होतं. मतपेटीत टाकायच्या आधीच.

मॅडम दर आठवड्याला वलांडीखाली बोंबील घ्यायला यायच्या. मी तिथंच बसून भाजलेला बोंबील खात होतो, म्हणून मला हे सगळं माहीत. मावशीने मॅडमना सांगितलं, आणि विचारलं की मी दुसऱ्याला मत दिलं तर मला पाप लागंल का. मॅडम म्हणाल्या, लाच देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, तो सौदाच मुळात खोटा, त्याची शपथ कसली? मावशी बोंबील निवडता निवडता म्हणाली,

"तुमचा कायदा जमिनीवरचा हाय, मॅडम. माजा पोरगा दर्यावर हाय."

  मॅडमनी बोंबील घेतले आणि त्या गेल्या. मला वाटलं, संपलं. शिकलेली माणसं अशा वेळी एक तर समजावत बसतात, नाही तर अंधश्रद्धा म्हणून निघून जातात. मॅडमनी यातलं काहीच केलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या, आदल्या दिवशीचे बोंबील घरी तसेच असताना.

त्यांनी मावशीला विचारलं, निमेश आधी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता, तेव्हा हंगामाआधी मालकाकडून उचल घ्यायचा ना? मावशी म्हणाली, घ्यायचा, सगळेच घेतात. मॅडम म्हणाल्या, आणि घेतल्यावर जायचं नसलं तर?

मावशी म्हणाली, "होडी सुटायच्या आदी उचल परत न्यायची. मालकानं हात लावला की शबूद सुटला. मंग कोन कोनाला बोलत नाय."

हे बोलली आणि हातातला बोंबील हातातच राहिला. मग तिनेच विचारलं,

"मॅडम, ही होडी कवा सुटतंय?"

मॅडम म्हणाल्या, "रविवारी सकाळी साडेसातला. मतदान सुरू होतं तेव्हा."

मला सांगा, हे कुठल्या पुस्तकात आहे? इंग्लंडला पंचवीस-तीस वर्षं लागली, कायद्यावर कायदे करावे लागले, जज नेमावे लागले, आयोग बसवावे लागले. आणि आपल्याकडे शब्द द्यायची रीत आहे, तशी शब्द परत घ्यायचीही रीत आहे. आपण ती खलाशाच्या उचलीला वापरत आलो, मताला वापरायचं कुणाला सुचलं नव्हतं. आपण बिचारे इतके सरळ, की लाचेचा शब्दसुद्धा इमानाने पाळत होतो.

शनिवारी दुपारी माझा टेम्पो भरला. ज्यांनी पेट्या घेतल्या होत्या त्यातल्या निम्म्या बायका आल्या. निम्म्या आल्या नाहीत. त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही, प्रत्येकीच्या घरचा वारा वेगळा. टेम्पो कसला, बोंबलाच्या वासाचा रथ. त्या वासाने पुढे दोन आठवडे मला पालघरहून कुणी सोफा न्यायला बोलावलं नाही.

धर्मेशभाऊंच्या अंगणात गेलो. कार्यकर्ते जेवत होते. मावशीने पेटी उतरवली आणि म्हणाली, परत आणलीय, हात लाव. धर्मेशभाऊ हसले. भाऊ, मी जसं झालं तसं सांगतोय. ते म्हणाले की भेट दिलेली वस्तू कुणी परत घेतं का, आणि मी त्या बदल्यात काही मागितलं का.

मावशी म्हणाली, "मागितलं नाय? मंग माज्या पोराच्या होडीला हात कशाला लावायला लावलास?"

 कुणीतरी विनोद केला की पेटीला वास येतोय, आता ही कोण घेणार. मावशी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "येनारच. धुतली तरी जानार नाय. आमचाबी जात नाय, तरी मत मागाया येताच ना?"

धर्मेशभाऊ हात लावेनात. आणि त्यांनी हात लावला नाही तर शब्द सुटत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. शेवटी कोळ्याचंच पोर. पेट्या अंगणात, बायका उन्हात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी होडी सुटणार. मला वाटलं, फुकट गेलं सगळं. मी टेम्पोची चावी बोटावर फिरवत होतो, कारण मला अशा वेळी पळून जावंसं वाटतं.

तेवढ्यात आतून धर्माजीबाबा आले. आजचे आपले अध्यक्ष. हातात काठी, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हिरवी पट्टी. त्यांनी विचारलं काय गडबड आहे. कुणीतरी सांगितलं. बाबा चाचपडत पुढे आले, पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले,

"उचल परत आली की हात लावायचा असतो. आपल्या घरानं कुना खलाशाला अडवून ठेवला नाय."

मग एकेक पेटी. बाबांनी प्रत्येक पेटीला हात लावला आणि प्रत्येक बाईला नावाने हाक मारली. आवाजावरून ओळखून. बाबा, त्या दिवशी तुमचा मुलगा उमेदवार होता. तुम्ही बाप म्हणून आत बसून राहिला असतात तर कुणी नाव ठेवलं नसतं. या व्यासपीठावर तुम्ही अध्यक्ष आहात, हे मला फार बरोबर वाटतं.

टाळ्या वाजवा, पण थोड्याच. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी बायकांनी मत दिलं. मावशीने कुणाला दिलं ते मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं, एवढं मी नववीत शिकलो. सोमवारी निकाल लागला आणि धर्मेशभाऊ थोड्या मतांनी निवडून आले. हिराताई पडल्या. मी मॅडमना रस्त्यात गाठलं आणि चिडून म्हटलं, काय उपयोग झाला? तुमची इंग्लंडची गोष्ट, बाबांचा हात, माझं डिझेल, सगळं वाया. मी परत वेरावळला जातो.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मतपेटी आल्यावरसुद्धा लाच उतरायला इंग्लंडला अकरा वर्षं धीर धरावा लागला, आणि तुला एक सोमवार धरवत नाही. म्हणाल्या, निवडून कोण आलं याच्याशी त्या शीतपेट्यांचा संबंध नाही. निवडून आलेल्या माणसासमोर आता त्या बायका मान वर करून बसतील, संबंध त्याच्याशी आहे. तू थांब, दर्पण. बघायला तरी थांब.

मी थांबलो. माझ्या आईला विचारा, ही केवढी मोठी गोष्ट आहे. मी एका गावात सलग एवढा कधी राहिलेलो नाही.

आणि आता ते बघायची वेळ आली आहे, म्हणून मी हा सगळा पाल्हाळ लावला. येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता ग्रामसभा आहे. विषय, ट्रेलरसाठी जागा देणे. वलांड्यांची जागा. ग्रामसभेत चिठ्ठी नसते. तिथं हात वर करावा लागतो, सगळ्यांच्या देखत, सरपंचांच्या समोर. म्हणजे तिथं आपण परत राणी व्हिक्टोरियाच्या इंग्लंडमध्ये असतो. पूर्वी तिथला गरीब माणूस उघड बोलायला घाबरायचा, कारण त्याच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याचं. ज्याने कुणाचं काही घेतलेलं नाही, त्याला उघड हात वर करायला भीती कसली?

पण याच शनिवारी सकाळी सहा वाजता गावातल्या महिलांसाठी डहाणूच्या महालक्ष्मीची मोफत सहल आहे. बस, नाश्ता, जेवण, आणि परत यायला संध्याकाळ. मघाशी सरपंचांनी आपल्या भाषणात जाहीर केलं, आपण टाळ्याही वाजवल्या. मीही वाजवल्या. देवीच्या दर्शनाला कोण नाही म्हणेल? पण मॅडमनी आम्हाला आणखी एक तऱ्हा सांगितली होती. इंग्लंडमध्ये समोरच्याचे मतदार उचलून लांब कुठंतरी न्यायचे, खायला-प्यायला द्यायचं, लाड करायचे, आणि मतदान संपलं की सोडायचं. मी असं म्हणत नाही की ही सहल तशी आहे. तारखा एका दिवशी येऊ शकतात. कॅलेंडर छोटं असतं. मी फक्त विचारतोय, भाऊ, सर्वांच्या देखत, ही सहल रविवारी नेता येईल का?

जरा थांबा. समोरून मावशी काहीतरी म्हणतेय. माइकवर सांगतो, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. ती म्हणतेय, "शनिवारी देवीला सांग, आमी सभेला हाय. ती समजून घेईल."

हसताय तुम्ही, पण बाकीच्या बायकांच्या माना बघा. भाऊ, माना बघा. यात ज्यांनी पेट्या परत केल्या त्याही आहेत, ज्यांनी नाही केल्या त्याही आहेत. माझ्या मावशीच्या शेजारी ज्या बसल्यात त्यांच्या दारात ती निळी पेटी अजून आहे, आणि त्यांचीही मान हललीय.

मी सरपंचांकडे माइक देतो. नाही, नको म्हणतायत. बसूनच बोलतायत. मी सांगतो, सरपंच म्हणतायत... परत बोला भाऊ, पंख्यामुळे ऐकू आलं नाही.

सरपंच म्हणतायत, बस रविवारी.

धन्यवाद, भाऊ. मनापासून. हे तुम्ही म्हणालात आणि मी माइकवर सांगितलं, म्हणजे गावाने ऐकलं. आता टाळ्या वाजवा, यावेळी हात न आखडता.

मंदा मॅडम, शाल-श्रीफळ तुम्हाला शाळेने दिलं. आमच्या माजी विद्यार्थ्यांची वर्गणी हिमानी मॅडमकडे आहे, त्याचं काय आणलंय ते मला सांगायला बंदी आहे. ट्रेलरच्या ठरावाचं शनिवारी काय होईल, मला माहीत नाही. कदाचित ठराव पास होईल आणि आम्हाला पुढची ग्रामसभा गाठावी लागेल, मग त्याच्या पुढची. गाठू. तुम्ही शिकवलेला इतिहास असा आहे की त्यात एका दिवसात काहीच होत नाही, आणि तरी ते होतं. मी इथंच असेन. टेम्पोचे हप्ते आहेत म्हणून नाही, किंवा तेवढ्यासाठीच नाही.

मला बोलायला बोलावलं त्याबद्दल शाळेचे आभार. आपल्याच घरची गोष्ट चारचौघांत ऐकून घेतलीत त्याबद्दल अध्यक्ष धर्माजीबाबा आणि सरपंच धर्मेशभाऊ यांचे आभार. पाच मिनिटांची वीस झाली त्याबद्दल हिमानी मॅडम आणि आतमध्ये गार होत असलेला चहा, दोघांचीही क्षमा मागतो. कुणाचं नाव मानाशिवाय घेतलं गेलं असेल, एखादं साल इकडचं तिकडे झालं असेल, शब्द उणाअधिक गेला असेल, तर तो माझ्या अर्धवट शाळेचा दोष समजून पोटात घाला. जे घडलं तसं सांगितलं, त्याची मात्र मी माफी मागत नाही.

शनिवारी, सकाळी दहा. नमस्कार.